हौदावरच्या फळ्या

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, आणि किराणाच्या यादीपलीकडे फारसं लिहायची वेळ आली नाही. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतील, ओळी वरखाली गेल्या असतील. ही वही कोणाला दाखवायची नाही. तरी माझ्यामागे कुणाच्या हाती लागली तर त्यानं माफ करावं. ही माफी लिहिण्यातल्या चुकांची आहे. दुसरी एक चूक आहे, ती लिहून काढावी म्हणूनच वही आणली.

आमचे मालक, म्हणजे हे, सुतारकाम करायचे. आम्ही गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला, एका मळ्याच्या बांधाशी दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. सन अठ्ठ्याहत्तर किंवा एकोणऐंशी असेल. तेव्हा रोडवर आजच्यासारखी वस्ती नव्हती. द्राक्षाचे मळे, भाजीचे वाफे, मध्येच एखादा बंगला. बंगला आला की दारं-खिडक्या आल्या, म्हणून यांना काम असायचं. मी घरी रद्दीच्या पिशव्या करायचे. मैद्याची खळ शिजवायची, कागद चिकटवायचे, वाळवायचे, शंभराचा गठ्ठा बांधून दुकानात द्यायचा.

यांच्या कामाला नाव होतं ते एका गोष्टीसाठी. यांच्या सांध्यात फट नसायची. सासऱ्यांनी यांना तसंच शिकवलं होतं. काम झालं की सासरे सांध्यावर पोस्टकार्ड घासायचे, आणि कार्ड आत गेलं तर त्या दिवशी यांना जेवायला उशिरा मिळायचं. पुढे पोस्टकार्डाच्या जागी माझी कागदाची पट्टी आली. कपाट असो, पेटी असो, हे मला हाक मारायचे, "अगं, पट्टी आण." मी वर्तमानपत्राची पट्टी घेऊन सांध्यावरून फिरवायची. पट्टी कुठे शिरली नाही की यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मला फार आवडायचं. एरवी हे हसत नसत.

त्या चैत्रात यांना एका साहेबांच्या बंगल्यावर बोलावणं आलं. साहेब एका कारखान्यात मोठ्या जागेवर होते. त्यांनी मुंबईहून शिडाची होडी ट्रकवर घालून आणली होती आणि अंगणात पत्र्याखाली चाकांच्या गाड्यावर ठेवली होती. पावसाळ्यात गंगापूरचं धरण भरलं की ती पाण्यात जायची, पाणी उतरलं की परत अंगणात.

या होडीचं नाव काढलं तेव्हाच मला बरं वाटलं नाही. त्या धरणाच्या पाण्याखाली माझ्या मामांचा मळा आहे. मी लहान असताना मामांनी घराची कौलं उतरवली, दारं काढली, सगळं बैलगाडीत घालून वर आणलं. विहीर काही आणता येत नाही. कडक उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की त्या विहिरीचं काळं तोंड चिखलातून वर दिसायचं. मामी तिकडे बोट करून म्हणायची, "पाण्याच्या खाली पण पाणी हाय बघ. तिथं पाय गेला तर थांग नाय." तेव्हापासून ते पाणी बघितलं की मला नुसता वरचा निळा रंग दिसत नाही.

होडीच्या मागच्या बाजूला माणसं बसायची एक खोल जागा होती. साहेब तिला कॉकपिट म्हणायचे. यांनी बघितल्याबरोबर तिला हौद म्हटलं, आणि पुढे साहेबही हौदच म्हणायला लागले. हौदाच्या दोन्ही बाजूंना आतून कड होती. तिच्यावर बसायच्या फळ्या टाकलेल्या असायच्या, आणि फळ्यांखाली पेटीसारखी जागा. तिथे दोर, पाणी उपसायचा डबा आणि बुडू नये म्हणून घालायची जाकिटं ठेवत. जुन्या फळ्या कुजून गेल्या होत्या. नव्या सागवानी करायच्या होत्या.

पहिल्या दिवशी मीही गेले होते. आतून माप वाकडंतिकडं होतं, म्हणून कागदाचा साचा करायचा होता, आणि ते काम माझं. मी हौदात उतरून कागदावर कागद चिकटवत होते, आणि साहेब वरून यांना समजावत होते.

"मिस्त्री, ठोकून बसवायच्या नाहीत. उचलून काढता आल्या पाहिजेत. त्याही एका हातानं."

"एका हातानं का, साहेब?"

"दुसरा हात सुकाणूवर असतो. वारा फिरला तर सुकाणू सोडता येत नाही. आणि जाकिटं खाली आहेत. तेव्हा स्क्रू पिळत बसलो तर झालंच."

हे मान हलवत होते. मग साहेब म्हणाले, "पट्ट्या-पट्ट्यांच्या केल्या तरी चालतील. कडेनं थोडी फट ठेवा."

"फट?" हे हसले. "साहेब, फटच ठेवायची तर सुतार कशाला हवा? कुऱ्हाडवाल्याला बोलवा."

साहेबही हसले. साहेबांच्या बाई ओट्यावर चहा घेऊन उभ्या होत्या, त्याही हसल्या. मला म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला जिभेलाही रंधा मारायला सांग." मी खाली मान घालून खळ लावत राहिले. मला कुणी मोठ्या माणसानं थेट बोललं की शब्द फुटायचा नाही. लहानपणापासून तसंच आहे. बाई म्हणाल्या, "आणि हिच्या तोंडात काय, लाडू ठेवलाय का?"

बाई बोलायला अशा, पण मनानं चांगल्या होत्या. घरातली सगळी रद्दी त्या मला फुकट द्यायच्या.

लाकूड, पितळी कड्या आणि मजुरी मिळून साडेआठशे रुपये साहेबांनी एकदम हातात ठेवले. तेवढे पैसे आम्ही एकत्र कधी बघितले नव्हते. यांनी जीव ओतून काम केलं. पट्ट्या केल्या नाहीत. रुंद फळ्या सांध्याला सांधा जोडून केल्या, एकेक अशी गुळगुळीत की हात ठेवला तर घसरावा. वर दोन्ही बाजूंना एकेक पितळी कडी, फळीत बुडवून बसवलेली. वैशाखातल्या एका दुपारी फळ्या बसवल्या. ऊन असं होतं की अंगणातली माती तडकली होती. साहेबांनी कडीत एक बोट घातलं आणि फळी उचलली. ती डब्याच्या झाकणासारखी फस्सकन हवा सोडत वर आली. सोडली तशी आपोआप खाली बसली.

"अगं, पट्टी आण," हे म्हणाले.

सगळ्यांसमोर मी हौदात उतरले आणि चारी बाजूंनी पट्टी फिरवली. कुठेही शिरली नाही. साहेबांनी टाळी वाजवली. हे माझ्याकडे बघून हसले.

मी वर चढताना माझा पाय कडेवर होता, आणि एकदम आमच्या स्वयंपाकघराची खिडकी डोळ्यांसमोर आली. ती यांनीच केलेली, अशीच बिनफटीची. दर पावसाळ्यात ती फुगते. मी आषाढापासून दसऱ्यापर्यंत तिला हात लावत नाही, कारण उघडली तर लागत नाही आणि लावली तर उघडत नाही. ही होडी तर पाण्यातच राहणार.

घरी येताना मी यांना म्हटलं, "अहो, पावसात फुगतील का हो त्या?"

"खिडकी आंब्याच्या लाकडाची आहे. हे सागवान आहे."

"पण पाणी..."

"तुला लय कळतं. तू पिशव्या चिकटव."

रागानं बोलले नाहीत, चेष्टेनंच बोलले. मी गप्प बसले. मलाच वाटलं, आपल्याला काय कळतंय.

त्या वर्षी पाऊस लवकर लागला आणि थांबेना. अंगणातल्या पत्र्याखाली तिरपा पाऊस आत यायचा, हौदात पाणी साचायचं. श्रावणात एका गुरुवारी मी रद्दी आणायला बंगल्यावर गेले. बाई आत रद्दी बांधत होत्या. मी पत्र्याखाली उभी होते, होडीच्या अगदी शेजारी. फळ्या काळसर ओल्या दिसत होत्या. त्यांच्या मधल्या सांध्यांना जरा उभारी आली होती, पोट फुगल्यासारखी. मी इकडेतिकडे बघितलं, वर चढले आणि कडीत बोट घातलं.

फळी हलली नाही.

मग दोन बोटं घातली, मग दोन्ही हातांनी ओढली. पाय कडेला लावून ओढली. कडी माझ्या बोटात रुतली, फळी जागची हलली नाही. दुसऱ्या बाजूचीही तशीच. लाकडानं कड धरून ठेवली होती. खाली डब्यात पाणी ठिपकत असल्याचा आवाज येत होता.

"काय गं, फिरायला जायचंय का होडीतून?" बाई रद्दी घेऊन बाहेर आल्या होत्या. "ये ना रविवारी. धरण भरलंय. हे परवाच होडी पाण्यात टाकणार आहेत."

मी खाली उतरले. एवढंच म्हणायचं होतं, बाई, फळी अडकली आहे. तितक्यात साहेब दारात आले आणि म्हणाले, "अगं, ही आमच्या मिस्त्रींची तपासनीस. हिच्या पट्टीला फट सापडत नाही!" दोघंही हसले. बाईंनी रद्दीचा गठ्ठा माझ्या डोक्यावर दिला. मी मान हलवली आणि निघून आले. फाटकापर्यंत गेल्यावर एकदा मागे वळलेसुद्धा. पण ते दोघं होडीपाशी काही बोलत उभे होते, आणि मी परत गेले नाही.

जाकिटं कशी असतात ते मला माहीत होतं, साचा करताना मीच बाहेर काढून ठेवली होती. आणि बाई ते घालत नाहीत हेही माहीत होतं. त्याच म्हणायच्या, साडीवर ते घातलं की मी कापसाच्या पोत्यासारखी दिसते. त्यांना पोहता येत नव्हतं.

संध्याकाळी हे कामावरून आल्यावर मी सांगितलं. या वेळी चेष्टा केली नाही. हातातली भाकरी ताटात ठेवली आणि विचारलं, "दोन्ही हातांनी?"

"दोन्ही हातांनी."

यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "कडेनं दोन सूत रंधा मारावा लागेल. रविवारी सकाळी जातो."

शुक्रवार होता, शनिवार होता. मी शनिवारी म्हटलं, "आजच जा ना." म्हणाले, "आज लोकांचं दार बसवायचं आहे." दार काही पळून जात नव्हतं. साहेबांनी टाळी वाजवलेल्या फळीवर त्यांच्यासमोर रंधा कसा मारायचा, हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. ते मला कळत होतं. मी एकटी बंगल्यावर जाऊ शकले असते. शनिवारी दुपारी पदर खोचून आपल्या दारापर्यंत गेलेही होते, तिथूनच मागे फिरले.

रविवारी सकाळी हे रंधा पिशवीत घालून सायकलवर निघाले, मी मागे बसले. बंगल्याचं फाटक उघडं होतं. पत्र्याखाली गाडा ठेवायच्या जागेवर नुसती कोरडी माती दिसत होती. कामवाली अंगण झाडत होती. म्हणाली, "साहेब-बाई सातलाच गेले धरणावर. कालच नेली होडी."

हे तसेच मागे वळले. सायकल रस्त्यावर काढली आणि धरणाकडे मारली. वारा समोरून येत होता. चढावर मी उतरून पळत होते, परत बसत होते. आभाळ खाली आलं होतं आणि रस्त्यावर रविवारचं कोणीच नव्हतं.

काठावर पोचलो तेव्हा पाणी निळं नव्हतं, राखेसारखं होतं. शीड दिसलं. पांढरं, लहान, खूप आत. ज्या बाजूला मामांचा मळा, त्याच बाजूला. एक मासे धरणारा म्हातारा ट्यूबवर फळी बांधून केलेला आपला तराफा काठाला ओढत होता. हे त्याला म्हणाले, "बाबा, त्यांना हाक मारा. परत बोलवा."

"आता हाक कुठं जाते?" तो म्हणाला. "मी सकाळीच म्हनलं साहेबाला, आज वारा लय खोडीचा हाय, नका जाऊ. हसला."

यांनी ओरडायला सुरुवात केली. मीही ओरडले. आयुष्यात मी तेवढ्या मोठ्यानं कधी ओरडले नव्हते, आणि त्या ओरडण्याचा काही उपयोग नव्हता. शीड एका बाजूला झुकलं, परत उभं राहिलं. परत झुकलं. आम्हाला साहेब दिसत होते. ते वाकून एका हातानं काहीतरी ओढत होते. मग दोन्ही हातांनी ओढायला लागले. दोन्ही हात गेले म्हणजे सुकाणू सुटलं, एवढं मला लांबूनही कळलं. शीड सावकाश पाण्यावर निजलं.

हे गुडघाभर पाण्यात गेले आणि थांबले. यांनाही पोहता येत नव्हतं. हातात रंध्याची पिशवी तशीच होती. म्हातारा केव्हाच तराफ्यावर बसून हातानं पाणी मागे लोटत निघाला होता. तो पोचेपर्यंत किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. होडी आडवी तरंगत होती आणि साहेब तिला धरून होते. बाई दिसत नव्हत्या. मग दिसल्या. मग परत दिसल्या नाहीत. म्हाताऱ्यानं त्यांना केसांना धरून वर काढलं.

बाई जगल्या. पंधरा दिवस दवाखान्यात होत्या. छातीत पाणी गेलं होतं, आणि पुढे कायमचीच धाप लागली. साहेबांच्या मुठीत ती पितळी कडी होती, स्क्रूसकट उपटून आलेली.

दवाखान्याच्या जिन्यात हे साहेबांसमोर उभे राहिले. म्हणाले, "साहेब, फळ्या फुगल्या होत्या. मला गुरुवारीच कळलं होतं. माझी चूक."

यांनी 'मला कळलं होतं' म्हटलं. 'हिला कळलं होतं' असं म्हटलं नाही. मी यांच्या मागे पायरीवर उभी होते.

साहेबांनी यांच्याकडे बघितलं. "फट ठेवा म्हणालो होतो, मिस्त्री."

"तुमचे साडेआठशे परत करीन."

"मला पैसे नकोत. तुम्ही जा."

होडी साहेबांनी विकून टाकली. पोलिसात गेले नाहीत, कुणाला आमचं नाव सांगितलं नाही. पण हे बदलले. यानंतर जे काम केलं त्यात यांनी फट ठेवली. दारात, खिडकीत, कपाटात, पेटीत. माझी पट्टी बंद झाली. आता खिशातलं चार आण्याचं नाणं काढायचे, सांध्यातून आरपार जातं का बघायचे, आणि मगच काम झालं म्हणायचे. लोक हसायला लागले. एक जण आमच्या दारात येऊन म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या कपाटात उंदीर सहकुटुंब राहायला आलाय." बंगल्यांची कामं गेली. शेवटी कांद्याच्या आणि द्राक्षांच्या पेट्या ठोकायला लागले. तिथे फट लागतेच.

म्हणून पैसे फिटायला सात वर्षं लागली. साहेब घेत नव्हते, पण बाईंनी निरोप पाठवला की आणून द्या, मी घेईन. हे स्वतः जात नसत. एकदा गेले होते. बाईंच्या छातीतून येणारा आवाज ऐकला, पैसे ओट्यावर ठेवले आणि परत आले ते त्या रात्री जेवले नाहीत. मग मी जायला लागले. कधी दहा, कधी पंधरा-वीस रुपये, पिशव्यांचे आणि पेट्यांचे मिळून. जिला कुणासमोर बोलता येत नाही ती मी, दर दीड-दोन महिन्यांनी त्या ओट्यावर जाऊन उभी राहायची. बाई खुर्चीत बसलेल्या असायच्या. आधी त्यांचा श्वास ऐकू यायचा, मग त्या दिसायच्या. खिडकीच्या चौकटीवर ती कडी ठेवलेली होती. ती तिथे का ठेवली आहे हे मी कधी विचारलं नाही. बाई आता चेष्टा करत नसत. पैसे घ्यायच्या, मोजायच्या, मान हलवायच्या. दर वेळी मी ठरवून जायची की आज सांगायचं, आणि दर वेळी फाटकाबाहेर आल्यावर कळायचं की सांगितलं नाही.

शेवटचे पंधरा रुपये मी शहाऐंशी सालच्या संक्रांतीनंतर घेऊन गेले. ऊन छान होतं. बाई ओट्यावर शाल घेऊन बसल्या होत्या. मी पैसे त्यांच्या हातात दिले आणि तिथेच उभी राहिले.

"काय गं?"

"बाई," मी म्हटलं, "गुरुवारी संध्याकाळपर्यंत यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तुम्ही आत रद्दी बांधत होता, तेव्हा मी फळी दोन्ही हातांनी ओढून बघितली होती. ती निघाली नव्हती. तुम्ही समोर आलात, आणि मी बोलले नाही."

बाईंचा श्वास चालूच होता, वर जाताना शिट्टीसारखा, खाली येताना घरघरीत. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"का नाही बोललीस?"

मी कितीतरी उत्तरं मनात जुळवून ठेवली होती. तेव्हा एकच तोंडातून आलं.

"लाज वाटली."

त्यांनी मान वळवली आणि अंगणाकडे बघितलं, जिथे पूर्वी पत्रा होता. आता तिथे शेवंती लावली होती. मला वाटलं, नोटा माझ्या अंगावर फेकतील. फेकाव्यात असंही वाटलं. त्यांनी त्या मांडीवर ठेवल्या. ना माफ केलं म्हणाल्या, ना रागावल्या. थोड्या वेळानं मांडीवरच्या नोटा उचलल्या, एक दहाची आणि एक पाचची, आणि बोटानं सरळ केल्या. दोनच नोटा होत्या, तरी त्यांनी दोनदा मोजल्या.

"साडेआठशे पूर्ण झाले," त्या म्हणाल्या.